शून्याचं तिकीट

खाकी कॉलरखाली, गळ्याच्या हाडाशी, उजवीकडं
दीड इंचाची पांढुरकी रेघ.
शिवण सर्जन कित्तूरांची.
नळी तिथूनच घालायची, हा हट्ट मात्र माझा होता.

बेळगाव-निपाणी. काकती मागं गेली.
खिशावरच्या बिल्ल्यावर कन्नडात: पारीस म.
म म्हणजे मगदूम.
बाप तंबाखूच्या वखारीत; तो भेटायला आला की
शेजारच्या खाटांवरची पोरं शिंकायची.
तीन वर्षांचा. अकरा किलो.
मला माणसं वजनावरून आठवतात,
डोस त्यावरूनच काढावा लागतो.

मी या गावात आले तेव्हा
दवाखान्याच्या मागच्या पडवीत दोन खाटा मिळाल्या
आणि मेट्रन म्हणाल्या, पोरांना कुठं कॅन्सर होतो, बाई?
मला बरं वाटावं अशा आवाजात.
तेव्हाची वही अजून आहे.
नावापुढं गाव: हलशी, यमकनमर्डी, कागवाड, बैलूर.
गावापुढं तारीख.
मग दुसरी तारीख. पहिल्या वहीत ती फार जवळ जवळ येते.

नोवु, म्हणजे दुखणं, हा माझा पहिला कन्नड शब्द.
पाठीत सुई घेताना निंगव्वानं शिकवला.
दुसराही तिनंच: साकु.
पुरे.

लाल औषधाला पोरं अमसुलाचं सरबत म्हणायची.
दुसरं एक सदाफुलीतून निघतं, हे मी एकदा बोलून गेले.
सकाळी बघते तो कुंपणाची सदाफुली ओरबाडलेली
आणि नंदगडची एक आई स्टोव्हवर काढा उकळतेय.
मी ओरडले. पातेलं मोरीत ओतलं.
मग तिच्याशेजारी फरशीवर बसले.
काय सांगणार होते?
झाड बरोबर आहे, बाई,
पण चिमूटभर काढायला गाडीभर पानं लागतात, आणि एक कारखाना,
आणि तरीही, पुष्कळदा,

जाऊ दे.

एका बंदच्या दिवशी रस्त्यावर टायर जळत होते
आणि मला चार पिशव्या प्लेटलेट्स हव्या होत्या.
मोर्चातलीच दोन पोरं आली, बाह्या वर करून.
कुठल्या मोर्चातली,
ते रजिस्टरात नाही.

पारीस दोन वर्षं नऊ महिने आला. मग बंद.
मी तीन पत्रं टाकली, एक निपाणीहून परत आलं.
वहीत त्याच्यापुढं दुसरी तारीख नाही,
पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे.
अशी एकूण एकसष्ट.
मार्चमध्ये मी निवृत्त झाले, खुर्ची दिली, शाल दिली,
वही मागितली नाही कुणी.

"कुठं, मॅडम?"
"संकेश्वर."
"आधार दावा."

त्यानं कार्ड खिडकीकडं धरलं, नाव पुटपुटला:
कुमुदिनी वामन शहापूरकर.
त्यावर डॉक्टर लिहिलेलं नसतं.
मी त्याच्या भुवया बघत होते. जाड, काळ्या.
एका दिवाळीत त्या झडल्या होत्या
आणि त्यानं माझ्याच पेनानं कपाळावर दोन रेघा ओढून घेतल्या होत्या,
एक वर, एक खाली.

काही नाही.
त्याला काहीही आठवलं नाही.
मशीन कुरकुरलं, कागद बाहेर आला.
बायकांना भाडं नाही आता, तरी तिकीट द्यावं लागतं:
रुपये शून्य.

हाच आकडा ऐकायला आया दारात उभ्या राहायच्या,
मज्जेचा रिपोर्ट माझ्या हातात, आणि मी आधी चष्मा पुसायची.

सांगावंसं वाटलं. हत्तरगीपर्यंत वाटत राहिलं.
तो मागं कुणाशी तरी सामानावरून भांडत होता,
दणकट आवाजात, अर्धं कन्नड, अर्धं मराठी,
श्वास कुठंही न अडकता.

तिकीट मी चष्म्याच्या डबीत ठेवलं.

"संकेश्वर! उतरा की लवकर, मॅडम,
किती वेळ थांबायचं गाडीनं?"